चक्रमताई आणि जुनी टाकी

आमच्या ग्रंथालयात त्यांना चक्रमताई म्हणायचे. चक्रम त्या नव्हत्या, त्यांना आवडणारे सिनेमे चक्रम होते. बाई स्वतः इतक्या शिस्तीच्या की अंगात ताप असला तरी पुस्तक परत करायची तारीख चुकवायच्या नाहीत, आणि पान दुमडलेलं दिसलं तर ते आपण दुमडलेलं नाही, हे मला आवर्जून सांगायच्या.

मी या ग्रंथालयात सहायक आहे. पुस्तकांवर शिक्के मारते आणि महिन्यातल्या दोन रविवारी सकाळी वरच्या दालनात घडीच्या खुर्च्या मांडून प्रोजेक्टर सुरू करते. त्या दोन रविवारी आमचं चित्रपट मंडळ भरतं. माणसं पंचवीसेक. मंडळ चालवतात भूगोलवाले सर. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण हातातली छडी काही सुटली नाही. हल्ली ती पडद्याकडे रोखतात. सिनेमा संपला की ज्याला बोलायचंय त्यानं उभं राहून बोलायचं, असा नियम. पहिल्या ओळीतल्या डावीकडच्या खुर्चीवरून ताई उठल्या की मागचे लोक सरसावून बसायचे, कारण आता खरी गंमत सुरू होणार.

"माणूस उडतो ना? उडू दे," ताई म्हणायच्या. "पण उडण्याची त्याला काहीतरी अडचण पाहिजे. नुसतं उडायला कावळ्यालाही येतं."

त्यांच्या लाडक्या सिनेमातला माणूस उडायचा, पण जमिनीपासून फक्त वीतभर. कचेरीत कारकून होता तो. वीतभर वरून तरंगत कामाला जायचा, कुत्री मागे लागायची, साहेब म्हणायचा, "पाय टेकून उभा राहा." अख्ख्या सिनेमात तो कुणालाही वाचवत नाही. शेवटी चिखलानं भरलेलं शेत ओलांडून, पँटला एक डागही न लागू देता, जिच्यावर त्याचं मन होतं तिच्या लग्नाला जाऊन पोचतो. हा सिनेमा ताईंनी चार वेळा पाहिला होता. आणखी एक राणी होती, जिची जादू फक्त भांड्यांवर चालायची. एका राज्यातल्या सावल्या दुपारी काम करायला नकार द्यायच्या. असलं काही असलं की ताई खूश.

मोठ्या, खर्चिक सुपरहिरोंवर मात्र त्यांचा दात होता. "शेवटची तीस मिनिटं शहर पाडत बसतात. चाळीस मजली इमारत कोसळते आणि पुढच्या दृश्यात दोघं जण त्याच ढिगाऱ्याला टेकून मनातलं बोलतात! अरे, धूळ तरी बसू दे. आणि तो आगीत उडी मारतो, बाहेर येतो, भांग जागच्या जागी! आग नाही मारत माणसाला, धूर मारतो. धूर कुणी दाखवत नाही, कारण धुरात हिरोच दिसत नाही."

लोक हसायचे. भूगोलवाले सर छडी आपटायचे. "ताई, माणसं तिथं धूर मोजायला येत नाहीत. कुणीतरी येतंय, एवढंच बघायला येतात."

"येतंय, पण कुठं? पत्ता कुणी दिला त्याला? या लोकांना कधी कुणी फोन केलेला पाहिलाय तुम्ही? किंकाळी ऐकू आली की निघाले. आमच्याकडे नुसती किंकाळी आली तर मी गाडी कुठं पाठवू?"

हा वाद मंडळाच्या दर रविवारी व्हायचा आणि दोघांपैकी कुणीही कधी मागे हटायचं नाही. सिनेमा बरा नसला तरी माणसं यायची, ती या वादासाठी.

ताई अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात होत्या. एकोणीस वर्षं एकच खुर्ची. कानावर हेडफोन, समोर फोन आणि नोंदवही, भिंतीवर शहराचा भलामोठा नकाशा, शेजारी वायरलेसवर बोलणारा सहकारी, ज्याला सगळे नुसतं वायरलेस म्हणत. त्यांचं काम ऐकायला सोपं. फोन उचलायचा, काय झालं ते ऐकायचं, पत्ता घ्यायचा, तो पुन्हा म्हणून दाखवायचा आणि गाडी सोडायची. अवघड असतं ते पत्ता घेणं. घाबरलेल्या माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही, गल्लीचा क्रमांक कुठून आठवणार? तो म्हणतो, "लवकर या, आमच्या घरी आग लागलीय." आमच्या म्हणजे कुणाच्या, ते काढून घेणं ही ताईंची हातोटी होती. नवीन आलेल्यांना त्यांच्याच शेजारी बसवायचे.

त्यांचे यजमान बेकरीत भट्टीवर कामाला. पहाटे जायचे, दुपारी परतायचे. त्यांना सिनेमा बघता यायचा नाही. खुर्चीत बसून अंधार झाला की माणूस झोपलाच. म्हणून ताई त्यांना जेवताना सिनेमा सांगायच्या. मध्यंतरापर्यंत ते हुंकार द्यायचे, मग मान कलंडायची. "पंचवीस वर्षांत यांनी एकाही सिनेमाचा शेवट ऐकलेला नाही," ताई तक्रार करायच्या, पण त्या तक्रारीत कौतुकच जास्त असायचं.

आता जे सांगते ते मला ताईंनीच सांगितलं, तुकड्यातुकड्यानं आणि बरंच उशिरा.

मंगळवार होता. दुपारचे सव्वातीन. सकाळपासून एक मांजर आणि एक अडकलेली लिफ्ट यापलीकडे काही आलं नव्हतं. असल्या रिकाम्या वेळात कक्षात कुणी विणतं, कुणी शब्दकोडं सोडवतं, त्याला कुणाची हरकत नसते. येत्या रविवारी मंडळात ताईंच्याच आग्रहावरून तो वीतभर उडणाऱ्याचा सिनेमा लावायचा होता. सर तुटून पडणार हे त्यांना माहीत होतं. म्हणून सिनेमातली उणी बाजू आपणच आधी मांडून टाकायची, या हिशेबानं त्या जुन्या ड्यूटीतक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर टिपण काढत होत्या.

फोन वाजला. त्या फोनचं रेकॉर्डिंग आता दलातल्या सगळ्यांना पाठ आहे.

"अग्निशमन दल. बोला."

"धूर... जिन्यात धूर भरलाय. वर बाबा आहेत, त्यांना चालता येत नाही."

"पत्ता सांगा, बाई."

"जुन्या टाकीजवळ. शाळेसमोर. तीन मजली आहे, निळं दार."

"जुन्या टाकीजवळ, शाळेसमोर. बरोबर?"

"हो, हो, लवकर या हो!"

मग दोन सेकंद काहीच नाही.

"गाडी निघाली. तुम्ही जिन्यानं वर जाऊ नका. खालीच थांबा."

आमच्या शहरात पाण्याच्या जुन्या टाक्या दोन आहेत. एक नदीकडे, एक गोदामांकडे. दोन्हीकडचे लोक आपापल्या टाकीला जुनी टाकीच म्हणतात, आणि दोन्ही टाक्यांसमोर शाळा आहेत. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, तसा नियमही नव्हता, पण टाकी हा शब्द आला की ताई न चुकता विचारायच्या, "नदीकडची की गोदामाकडची?" एकोणीस वर्षं विचारत होत्या. त्या मंगळवारी नाही विचारलं. अलीकडे टाकीजवळचे फोन नदीकडूनच जास्त येत, म्हणून तोंडातून सरळ नदीकडचं ठाणं गेलं. वायरलेसनं तसा निरोप दिला आणि गाडी निघाली.

नदीकडे धूर नव्हता. निळं दारही नव्हतं. गाडीवरच्या प्रमुखानं परत विचारलं, तेवढ्यात गोदामाकडच्या एका किराणा दुकानदाराचा फोन आला, "इथं घर पेटलंय आणि तुमचं कुणी आलेलं नाही." दुसरी गाडी गेली. मधे आठ मिनिटं गेली होती.

आग तशी मोठी नव्हती. जिन्याखालची मीटरची पेटी जळाली, पण धूर सगळा वर चढला. तिसऱ्या मजल्यावर मागच्या खोलीत घरातले म्हातारे गृहस्थ अंथरुणाला खिळून होते. हयातभर शिंपीकाम केलेला माणूस. त्यांना खाली आणलं तेव्हा श्वास नव्हता. फोन केला होता त्यांच्या सुनेनं. ती सामान घ्यायला दहा मिनिटं खाली उतरली होती.

त्या रविवारी ताई आल्या नाहीत. सिनेमा लागला, लोक पोट धरून हसले, सरांनी टीका केली आणि उत्तर द्यायला कुणी नाही म्हणून जरा खट्टू झाले. पहिल्या ओळीतली खुर्ची रिकामी होती. मला वाटलं, सर्दीपडसं असेल.

चौकशी झाली. तीन अधिकारी बसले, रेकॉर्डिंग अनेकदा ऐकलं गेलं. ताईंनी पत्ता विचारला होता, पुन्हा म्हणून दाखवला होता आणि समोरून होकार मिळवला होता. नियमात बसणारं सगळं केलं होतं. टाकीचा घोळ कुणी कधी कागदावर आणलाच नव्हता, ही यंत्रणेची त्रुटी. त्या दोन सेकंदांबद्दल एका अधिकाऱ्यानं विचारलं, "इथं तुम्ही नकाशा पाहत होतात ना?"

ताई काही बोलल्या नाहीत. त्यानं मान डोलावून तसं लिहून घेतलं.

अहवालात ताई निर्दोष ठरल्या. दोन्ही टाक्यांना क्रमांक द्यावेत अशी शिफारस झाली. वायरलेसनं घरी जाताना जिन्यात त्यांना गाठलं आणि हळूच म्हणाला, "ताई, मीही काही बोललो नाही. तुम्ही नेहमी काय विचारता ते." त्याला वाटलं, आपण उपकार केला. ताई भराभर जिना उतरून गेल्या.

नकाशा त्यांनी पाहिलाच नव्हता. हातात पेन होतं. टिपणातलं वाक्य अर्धं राहिलं होतं: तिसऱ्या प्रसंगात त्याच्या चपला झिजलेल्या दिसतात, जमिनीला पाय न लागणाऱ्याच्या चपला झिजतील कशा? यातला 'कशा' लिहायचा राहिला होता. तेवढा शब्द त्यांनी पुरा केला आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. दोन सेकंद.

तो कागद त्यांनी फाडला नाही, टाकलाही नाही. पर्सच्या आतल्या कप्प्यात घडी करून ठेवला.

अहवाल येऊन पंधरवडा झाला असेल. ताई दुपारची पाळी संपवून निघाल्या तर ठाण्याच्या पोर्चमध्ये एक तिशीची बाई शिपायाशी वाद घालत होती. "मला माझाच आवाज ऐकायचाय. दुसरं काही नको. मी काय बोलले ते मला ऐकवा."

"बाई, तसं देता येत नाही. वरून हुकूम आणा."

"अहो, घरात सगळे म्हणतात मी नदीकडची टाकी सांगितली. मला आठवत नाही. मला खरंच आठवत नाही!"

शिपाई ताईंकडे बघून म्हणाला, "ताई, तुम्ही तरी समजवा हो यांना."

ताई पुढे झाल्या. "जरा बसा तुम्ही. पाणी देऊ का?"

ती बाई गर्रकन वळली. क्षणभर नुसती पाहत राहिली. "तुम्हीच होतात ना? फोनवर? खालीच थांबा म्हणालात."

"हो."

"मग तुम्हीच सांगा ना मला. मी काय सांगितलं? नणंद म्हणते, इतकी वर्षं या घरात राहून हिला घराचा पत्ता सांगता आला नाही. हे काही म्हणत नाहीत, पण काही म्हणत नाहीत म्हणूनच... मी चुकीचं सांगितलं का हो?"

ताईंच्या तोंडाशी आलं होतं. पण दारात शिपाई उभा, आतून साहेब जिना उतरत होते. "चौकशीत सगळं आलंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही पत्ता बरोबरच दिलात. मन शांत ठेवा." आणि पाणी आणायच्या निमित्तानं आत गेल्या त्या दहा मिनिटं बाहेर आल्याच नाहीत. आल्या तेव्हा पोर्च रिकामा होता.

पुढचे दोन महिने ताई माणसात नव्हत्या असंच म्हणायला हवं. कामावर जायच्या, प्रत्येक फोनला इतके प्रश्न विचारायच्या की वायरलेस वैतागायचा. ग्रंथालयात पुस्तकं परत केली, नवीन नेली नाहीत. शेवटी भूगोलवाले सर त्यांच्या घरी जाऊन बसले. "येत्या रविवारी मी तुमच्या नावडीचा सिनेमा लावतोय. शिव्या घालायला तरी या. तुम्ही नसलात की मला माझंच म्हणणं पटेनासं होतं."

ताई आल्या. सिनेमात पूल कोसळतो, बस अधांतरी लटकते, मागच्या बाकावर एक म्हातारी अडकलेली. लाल झग्यातला हिरो कुठूनसा येतो आणि बस अलगद तोलून धरतो. दालनात टाळ्या पडल्या. मी प्रोजेक्टरजवळ होते, तिथून मला ताईंचा चेहरा दिसत होता. त्या रडत होत्या. आवाज नाही, डोळे पुसणं नाही, नुसतं गालावरून ओघळतंय.

सिनेमा संपल्यावर त्या उठल्या नाहीत आणि बोलल्याही नाहीत. सगळे गेल्यावर मी खुर्च्यांच्या घड्या करत होते, तेव्हा म्हणाल्या, "अगं, आजवर मी हसायचे ना, हा दरवेळी वेळेवर कसा पोचतो म्हणून? आज तो पोचला तेव्हा मला इतकं बरं वाटलं! सरांचं खरं आहे, लोक एवढ्याचसाठी येतात. आणि मग इतका राग आला..."

"कुणाचा?"

"त्याचाच. पोचला म्हणून."

मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. आग लागल्याचं आणि म्हातारे गेल्याचं शहरभर माहीत होतं, ताई निर्दोष सुटल्याचंही. म्हणून मी म्हटलं, "ताई, जे झालं त्यात तुमचा दोष नव्हता." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नको ती जागा दाबली होती.

घरात यजमानांना वेगळीच काळजी. जेवताना सिनेमा बंद झाला होता. "मध्यंतरापर्यंत तरी सांग," ते म्हणायचे. ताई भात कालवत बसायच्या. मग एके दिवशी हा माणूस भट्टीवरून परस्पर थिएटरात गेला. झोप येऊ नये म्हणून उभ्यानं, भिंतीला टेकून, त्यानं अख्खा सिनेमा पाहिला आणि घरी येऊन सांगायला लागला. "एक माणूस असतो. तो मासा असतो. म्हणजे आधी नसतो, मग होतो. त्याची आई राजवाड्यात... नाही, ती आई दुसऱ्याची. मग ते सगळे पाण्याखाली जातात, का जातात ते मला समजलं नाही, पण तिथं दिवे असतात."

ताईंना हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी. हसता हसता त्यांचा बांधच फुटला, आणि पर्समधला कागद काढून त्यांनी यजमानांच्या पुढ्यात ठेवला. सगळं सांगितलं.

त्यांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "हा कागद नसता तरी तू विसरली असतीस कदाचित. माणूस विसरतो."

"असेल. पण ते मला आता कधीच कळायचं नाही."

"मग काय करायचं म्हणतेस?"

"ती बाई त्या घरात रोज ऐकून घेतेय. मी निर्दोष सुटले म्हटल्यावर दोष उरला कुणावर? तिच्यावरच ना?"

दुसऱ्या दिवशी ताई मुख्य अधिकाऱ्यांच्या खोलीत गेल्या. साहेबांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ताई, अहवाल बंद झालाय. मिटलेलं प्रकरण आहे. तुम्ही हे उकरून काढलंत तर तो माणूस परत येणार आहे का?"

"नाही."

"डॉक्टर स्वतः म्हणाले, आठ मिनिटांनी फरक पडला असता की नसता ते सांगता येत नाही. मग? कशासाठी हे?"

"साहेब, नकाशा पाहत होते असं अहवालात आहे. मी पाहत नव्हते. तेवढं दुरुस्त करा. मी लिहून आणलंय."

साहेब चिडले. त्यांचंही चुकलं असं नाही म्हणता येणार, त्यांना आता वर उत्तर द्यावं लागणार होतं. त्यांनी कागद ठेवून घेतला आणि बजावलं, "त्या घरी मात्र जायचं नाही. दलाच्या वतीनं जे कळवायचं ते आम्ही कळवू."

ताई त्याच आठवड्यात, रविवारी सकाळी गेल्या. यजमान बरोबर होते. जिन्याची भिंत पहिल्या मजल्यापर्यंत नव्यानं रंगवलेली, त्याच्या वर अजून काळी. घरात म्हाताऱ्यांचा मुलगा, त्याची बहीण आणि सून, अशी तिघं होती. बहीण, म्हणजे नणंद, त्या दिवशी भावाकडे आलेली. ताईंनी आपण कोण ते सांगितलं. बसायला कुणी म्हटलं नाही, त्या बसल्याही नाहीत. उभ्याउभ्यानं बोलल्या, टाकीचं, नेहमीच्या प्रश्नाचं, तो न विचारल्याचं.

"म्हणजे हिनं पत्ता बरोबर सांगितला होता?" नणंदेनं विचारलं.

"इथं राहणारं कुणीही सांगेल तसाच सांगितला. पुढचं विचारायचं काम माझं होतं. त्या वेळी माझ्या हातात एक लिहायचा कागद होता. माझं लक्ष अर्धं तिकडे होतं."

मुलगा इतका वेळ खिडकीबाहेर बघत होता. तो वळला. "काय लिहीत होतात?"

ताई मला म्हणाल्या, एकोणीस वर्षांत कित्येक वाईट फोन घेतले, पण या प्रश्नाला उत्तर देताना जसा आवाज गेला तसा कधी गेला नव्हता. खोटं सांगायचं नाही असं ठरवूनच त्या आल्या होत्या.

"एका सिनेमाबद्दल. त्यातल्या माणसाच्या चपलांबद्दल."

मुलानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. नणंद उठून आत गेली आणि आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

सून तेवढी जागची हलली नव्हती. "मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली. "पोर्चमध्ये. तेव्हा का नाही सांगितलंत?"

"घाबरले."

"त्याला दोन महिने झाले. दोन महिने मी या माणसांच्या समोर जेवायला बसलेली नाही. स्वयंपाक करते आणि आत जाऊन बसते. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला मन शांत ठेवा म्हणालात."

"हो."

"जा आता."

यजमान काहीतरी बोलायला गेले, ताईंनी त्यांचा हात धरून थांबवलं. जिना उतरताना दोघांनी भिंतीला हात लावायचं टाळलं.

चौकशी पुन्हा उघडली. ताईंची खुर्ची गेली, नोकरी राहिली. त्यांची बदली भांडारात झाली. तिथं पाण्याचे होसपाइप तपासायचे, फाटलेले बाजूला काढायचे, शिरस्त्राणांचे पट्टे बदलायचे. वायरलेस काही महिने त्यांच्याशी बोलेना. त्यालाही जाब विचारला गेला होता. त्याचा राग बरोबरच होता, ताई म्हणतात, सगळं सांगण्याआधी मी त्याला विचारायला हवं होतं. वर्षातून दोनदा नव्या भरतीला फोन कसा घ्यावा ते शिकवायला त्यांना बोलावतात. साहेबांचीच सूचना. त्या वर्गात त्या आपलं रेकॉर्डिंग लावतात आणि दोन सेकंदांपाशी थांबवून काय झालं ते सांगतात. पहिल्यांदा त्यांना वाटलं होतं, एकदा सांगितलं की पुढच्या वेळी सोपं होईल. ते तसं झालेलं नाही. आदल्या दिवसापासून जेवण जात नाही.

सून आणि तिचा नवरा आता दुसरीकडे राहतात. नणंदेशी जाणंयेणं बंद आहे असं कानावर येतं. घर सावरलं की मोडलं, कोण जाणे. एकदा बाजारात ताई आणि सून समोरासमोर आल्या. ती थांबली नाही. ताई मला म्हणाल्या, "तोंड फिरवलं नाही तिनं. सरळ बघत गेली." हे त्यांनी आशेनं सांगितलं की दुःखानं, ते मला ओळखता आलं नाही.

गेल्या महिन्यात, जवळजवळ वर्षानं, ताई मंडळात आल्या. त्या येणार म्हणून सरांना विचारून मी मुद्दामच हलकंफुलकं काहीतरी निवडलं होतं, उंचीला घाबरणाऱ्या ड्रॅगनचं. त्याच्या हातून चुकून एक गाव जळतं आणि मग तो डोंगरावरून खाली उतरून गावकऱ्यांच्या दारोदार जातो. पुढचं मला आधी माहीत असतं तर मी तो लावला नसता. पण आता उशीर झाला होता. ताई शेवटपर्यंत बसल्या. मधे एकदा, ड्रॅगन शिडीवर चढून डोळे मिटतो तेव्हा, त्या हसल्याचं मी ऐकलं.

दिवे लागले. नियमाप्रमाणे सरांनी विचारलं, "कुणाला बोलायचंय?" आणि कुणीच ताईंकडे बघायला धजेना.

त्या उठल्या. खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या. "ड्रॅगन छान होता," त्या म्हणाल्या. "त्याला पायऱ्या उतरताना धाप लागते ते मला फार आवडलं. मधला भाग लांबलाय. आणि शेवट खोटा आहे. गावानं त्याला पाच मिनिटांत माफ करून टाकलं, गाणं म्हटलं, झालं. घर ज्याचं जळलं त्यालाही त्या गाण्यात उभं केलंय. त्याला तरी नको होतं करायला. तो एका बाजूला उभा राहिला असता आणि गाण्यात आला नसता, तर सिनेमाचं काही बिघडलं नसतं."

एवढं बोलून त्या बसल्या. सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. असल्या शेवटांची बाजू घेण्यात सरांचा हात कुणी धरला नसता. पण त्यांनी छडी खाली घेतली आणि पायाशी ठेवली. "बरोबर आहे ताई तुमचं," ते हळू आवाजात म्हणाले.

ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावर नाराजी होती, जवळजवळ राग.

"सर, असं नका करू," त्या म्हणाल्या. "वाद घाला माझ्याशी."